एक वाघ, चार पडदे

एका जंगलात, एका वाघाच्या कानावर बसलेली माशी बराच वेळ उडाली नाही.

एवढंच झालं होतं. बाकी सगळं छान होतं. ऊन होतं, पाणी होतं, पाण्याकाठी एक पडदा होता आणि पडद्यावर वाघ गुहेपुढे झोपलेला दिसत होता. झोपलेला वाघ किती छान दिसतो, नाही का मुलांनो?

पण माशी उडाली नाही. आणि ते शेवंतीला दिसलं.

शेवंती म्हणजे एक भेकर. तुम्ही भेकर पाहिलं नसेल. हरणापेक्षा लहान आणि शेळीपेक्षा घाबरट. पान पडलं की भेकर दचकतं. पान पडलं नाही, तर का पडलं नाही म्हणून दचकतं. शेवंती तर त्यांच्यातही नावाजलेली. त्यात ती कॉलेजात शिकलेली. आधी ती नुसती दचकायची. शिकल्यावर कारणं देऊन दचकायला लागली.

आधी तिला वाटलं, तो काळा ठिपका म्हणजे पडद्यावरचाच डाग आहे. तिनं नाकानं पुसून पाहिला. ठिपका गेला नाही. उडालाही नाही.

तिच्या मागे रांग उभी होती. रांगेत ससे होते, साळिंदरमावशी होती आणि सगळ्यांत पुढे शेवंतीची आई होती. सकाळपासून कुणाच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. शेवंतीनं "प्या" म्हटलं की सगळे पिणार होते. तिची नोकरीच ती होती. पडदा बघायचा, वाघ गुहेपुढे झोपलेला दिसला की "प्या" म्हणायचं.

आता वाघ गुहेपुढे नसला आणि तिनं "प्या" म्हटलं, तर काय होईल? पाण्यात पहिली मान तिच्या आईची जाणार होती.

"म्हण की गं," आई म्हणाली.

"थांब ना आई जरा. माशी."

"कुठंय माशी?"

"वाघाच्या कानावर."

"मग वाघ बघून घेईल. तुझ्या कानावर आहे का?"

रांगेतले ससे हसले. घसा कोरडा असल्यामुळे ते हसू नीट आलं नाही.

आता हे पडद्याचं प्रकरण काय, ते सांगते. नीट बसा. खिडकी वाऱ्यानं वाजतेय, तिकडे बघू नका.

पूर्वी या जंगलात पाणी प्यायची एकच पद्धत होती. भीत भीत. मान खाली, कान मागे, एक घोट आणि धूम. त्यात आपलं पोट भरायचं नाही, वाघाचं मात्र भरायचं.

मग एकदा वाघोबा महाराजांनी सभा बोलावली. म्हणाले, "यापुढे आमचा कारभार पारदर्शक. आम्ही कुठे आहोत, जागे आहोत की झोपलोय, हे बघण्याचा प्रजेला हक्क आहे."

केवढ्या टाळ्या पडल्या! टाळ्या वाजवता वाजवता सशांना रडू आलं.

ठरलं असं, की गुहेसमोरच्या झाडावर कॅमेरा लावायचा आणि पाणवठ्यांवर पडदे लावायचे. पाणवठे चार. राजतळं हे गव्यांचं आणि रानडुकरांचं. डोह मोरांचा. कुंड सांबरांचं. आणि चौथं चिखलटाकं. तिथे उरलेले सगळे.

पडदे चार, पण कॅमेरा एक. मग एक चित्र चार ठिकाणी जाणार कसं?

त्यासाठी शहरातून एक काळी डबी आली. तळहाताएवढी. तिला एका बाजूला एक तोंड आणि दुसऱ्या बाजूला चार. एका तोंडातून चित्र आत घ्यायचं आणि चार तोंडांतून तेच चित्र चार वाटांनी बाहेर सोडायचं, एवढंच तिचं काम. शहरात तिला स्प्लिटर म्हणतात. जंगलात तिला वाटपपेटी म्हणू लागले, कारण जंगलात पूर्वी कधी कसलं वाटप झालं नव्हतं आणि सगळ्यांना हौस होती.

पडदा समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले रानडुक्कर दाजीसाहेब. वायरी ओढायचं काम वानरशेठला मिळालं. वायरी झाडांवरून न्यायच्या होत्या, दुसरं कोण चढणार? आणि शेवंतीला वायरीतलं थोडं कळत होतं, म्हणून तिला समितीत कोपऱ्यात बसवलं.

सभेत साळिंदरमावशी उठली. "कॅमेरा एकच का? चार झाडांवर चार लावा की. एकाला नाही दिसला, तर दुसऱ्याला दिसेल."

दाजीसाहेबांनी तिला प्रेमानं विचारलं, "मावशी, आपल्याकडे वाघ किती?"

"एक."

"आणि चार कॅमेऱ्यांत चार वाघ दिसले म्हणजे? जंगलात केवढी घबराट माजेल! वाघ एक, चित्र एक. याला एकवाक्यता म्हणतात."

मावशी काटे फुलवून खाली बसली. शेजारचे दोघं उठून लांब जाऊन बसले.

मग वाटपपेटी जोडायचा दिवस आला. महाराजांनी त्या दिवसापुरतं सगळ्यांना अभय दिलं होतं. गुहेखालच्या जांभळीच्या बुंध्याशी पेटी बसवायची ठरली, शेजारी वानरशेठसाठी एक फोन. खरं तर पेटी वर फांदीवर हवी होती. पण समितीतल्या कुणालाच झाडावर चढता येत नव्हतं, आणि आपल्या हाताला न लागणारी गोष्ट समितीनं कशी चालवून घ्यावी?

पेटीला हळद-कुंकू लागलं. पानाफुलांचं तोरण लागलं. वानरशेठनं वायर हातात घेतली आणि विचारलं, "हं. एक नंबरला कोण?"

झालं. काम तिथेच अडलं.

पेटीच्या चार तोंडांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे होते. कुणी लिहिले देवाला ठाऊक. लिहिणाऱ्यानं कधी चौघांना जेवायला वाढलं नसावं.

"एक नंबर राजतळ्याचा," दाजीसाहेब म्हणाले. "पहिला मान आमचा."

"आमचा पिसारा मागच्या नंबरात बसणार नाही," मोर म्हणाला.

"शिंगं मोजा आणि ठरवा," सांबर म्हणाले.

शेवंती कोपऱ्यातून म्हणाली, "अहो, चारही तोंडं सारखीच असतात. चारांतून तेच चित्र येतं. अगदी तेच."

मग दाजीसाहेब म्हणाले, "सारखीच असतात ना? मग चौथं तू घे."

चौथं चिखलटाक्याला गेलं. उरलेल्या तिघांचं भांडण काही मिटेना. शेवटी तोडगा निघाला, की मान आळीपाळीनं फिरवायचा. दर पौर्णिमेला समितीनं जमायचं, महाराजांकडून तेवढ्या वेळापुरतं अभय घ्यायचं, वायरी उपटायच्या आणि एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला लावायची. लावल्यावर नारळ.

चित्र आलं. आणि लगेच आरडाओरडा झाला.

वाघाला मिशाच नव्हत्या.

चूक पेटीची नव्हती, मुलांनो. चिखलटाक्याला जो पडदा मिळाला होता, तो जुना होता. वाटपपेटीचा स्वभाव असा, की चारांतला जो सगळ्यांत दुबळा पडदा, त्याला झेपेल तेवढंच चित्र ती चौघांनाही देते. आता असा स्वभाव जंगलात कुणाला आवडेल?

"तुमच्या फाटक्या पडद्यापायी आमच्या वाघाच्या मिशा गेल्या!" राजतळ्यावरून निरोप आला.

पण नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं, की बिनमिशीचा वाघ जास्त बरा वाटतो. मायाळू वाटतो. महाराजांनाही स्वतःचं ते रूप आवडलं. मिशांचा विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, कॅमेऱ्याची वायर हलली आणि चारही पडदे काळे पडले. क्षणभरच. पण त्या क्षणात चारही पाणवठ्यांवर पळापळ झाली. ससे एकमेकांवर आपटले. एक मोर सगळा पिसारा घेऊन चिखलात बसला.

समितीनं तातडीनं निर्णय घेतला. यापुढे पडदा काळा पडता कामा नये.

"पण काळा पडदा तर खरं सांगत होता," शेवंती म्हणाली. "आत्ता मला काही माहीत नाही, असं सांगत होता."

"आपल्याला माहीत नाही, हे माहीत करून घ्यायला आपण पडदे लावलेत का?" दाजीसाहेबांनी विचारलं.

वानरशेठ मनानं चांगला. सांगितलं की करायचा. तो चारही पडद्यांवर चढला आणि त्यांना शिकवून आला, की चित्र येईनासं झालं तर शेवटचं आलेलं चित्र घट्ट धरून बसायचं. सोडायचं नाही.

त्यानंतर पडदा कधी काळा पडला नाही. पळापळ झाली नाही. जंगल निर्धास्त झालं. इतकं निर्धास्त झालं, की लोक पाण्यात मान घालून गप्पा मारायला लागले.

आता परत या. शेवंती चिखलटाक्यावर उभी आहे, आई रांगेत पुढे आहे आणि माशी उडत नाहीये.

शेवंतीनं पडद्याकडे आणखी नीट पाहिलं. पडद्यावरच्या झाडाची सावली लांबलचक पडली होती, सकाळी पडते तशी. आणि इकडे तिच्या पायाखाली तिची स्वतःची सावली गोळा होऊन बसली होती.

"आई, ही सावली बघ. ही सकाळची आहे."

"तिकडची सावली वेगळी असेल. राजाच्या दारातली आहे ती."

"सूर्य एकच असतो ना गं!"

"वाघही एकच आहे, आणि तो झोपलाय. प्या म्हण."

शेवंतीनं पडद्याशेजारचा फोन उचलला. आधी तिनं मोरांच्या डोहावर लावला. तिकडे मोराचा भाचा बसत असे. आवाज गोड, लक्ष पिसांत.

"मोरांचा डोह. बोला ताई."

"वाघ दिसतोय का रे?"

"दिसतोय की. झोपलाय."

"हलतोय का?"

"झोपलेला कशाला हलेल?"

"त्याच्या कानावर माशी आहे?"

"आहे."

"उडत नाहीये ना?"

"ताई, तुमच्याकडेही माशी आहे ना? आमच्याकडेही आहे. मग झालं की. दोन्हीकडे आहे म्हणजे खरी आहे." आणि त्यानं फोन ठेवला. ठेवता ठेवता शेवंतीला पलीकडे कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज ऐकू आला.

मग तिनं सांबरांच्या कुंडावर लावला. सांबरकाका वयानं मोठे, सावकाश बोलणारे.

"काका, मला शंका येतेय."

"येऊ दे. मलाही मघाशी आली होती."

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. "हो? मग तुम्ही काय केलंत?"

"खात्री करून घेतली. मी डोहावर फोन केला. ते म्हणाले, झोपलाय. त्यांनी आधीच राजतळ्याला विचारून ठेवलं होतं."

"आणि राजतळ्यानं कुणाला विचारलं?"

"मला," काका समाधानानं म्हणाले. "मी पडद्यात बघितलं आणि सांगितलं, झोपलाय. सगळीकडून खात्री झाली बघ."

शेवंतीचा जीव भांड्यातून परत बाहेर आला.

"काका, अहो, ते चौघांचं एकच चित्र आहे! चार जणांनी वेगवेगळं बघितलेलं नाहीये. एकच आहे, चारदा दाखवलेलं!"

"म्हणूनच तर जुळतंय," काका म्हणाले.

रांगेत कुजबुज सुरू झाली होती. एका सशिणीचं पिल्लू आडवं पडलं होतं आणि त्याची आई त्याचं नाक चाटत होती. ऊन वाढत होतं. साळिंदरमावशी पुढे आली. तिनं काटे मिटून घेतले होते.

"पोरी, खरं सांग. तुला माहितीय, की नुसतं वाटतंय?"

"मावशी, मला एवढंच माहितीय, की कुणालाच काही माहीत नाहीये."

"हे असलं सांगून रांग थांबत नाही गं," मावशी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण तहानही लागली होती.

उरलं राजतळं. दाजीसाहेबांनी स्वतःच फोन उचलला. ते खुशीत होते.

"बोल शेवंती! काय म्हणतंय तुमचं टाकं? आज पौर्णिमा. सकाळच्या वायरबदलाला आली नाहीस ती?"

"पडद्यापाशी होते, दाजीसाहेब. वाघाचं चित्र..."

"चित्र ना! आज काय सुरेख येतंय! पूर्वी सारखं हलायचं. आज बघ, कसं एका जागी स्थिर आहे. मी म्हटलंच होतं, मान योग्य जागी गेला की चित्र सुधारणार."

"म्हणजे? वायर कुठे लावलीत तुमची?"

"अगं, इतके दिवस आपण सगळे वेडे. एक, दोन, तीन यातच भांडत बसलो. आज मी पेटी फिरवून बघितली, तर मागे आणखी एक तोंड! चौघांपासून वेगळं. एकटं. ऐसपैस. म्हटलं, खरा मान हा. तिथे आधीच कुणाची तरी वायर होती, ती काढली आणि आमची लावली. नारळ फोडला."

"ती कॅमेऱ्याची वायर होती!"

"असेल. पण त्याला आळीपाळीचा नियम नको का? तो रोज तिथेच बसणार?"

"दाजीसाहेब, त्या तोंडातून चित्र आत येतं! ते काढलं की काहीच येत नाही! सकाळपासून चारही पडदे जुनं चित्र धरून बसलेत! महाराज आत्ता कुठे आहेत, कुणाला सांगता येणार नाही!"

दाजीसाहेब हसले.

"तू पण ना! अगं, समोर दिसतोय की झोपलेला. घाबरट ती घाबरटच. ये कधीतरी राजतळ्यावर. पाणी पी. बरं वाटेल."

फोन बंद झाला.

शेवंतीनं मागे वळून पाहिलं. आई रांग सोडून दोन पावलं पुढे आली होती.

"आई, नको!"

"माझ्या घशाला कोरड पडलीय गं बाळा."

"कॅमेऱ्याची वायर काढून टाकलीय त्यांनी. हे चित्र सकाळचं आहे."

"चार ठिकाणी झोपलाय तो," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चार ठिकाणी झोपलाय, आणि तुझ्या एकटीच्या मनात जागा आहे. लहानपणापासून तुझं असंच. मी किती रात्री तुझ्यासाठी उगाच उठून बसले. आज नाही उठणार."

"फक्त एक फोन. वानरशेठला. तो पेटीजवळच असतो. तो नुसतं वर बघेल आणि सांगेल, महाराज आहेत की नाहीत. एवढा एक, आई. तोवर थांब."

आई थांबली. पण तिचे पुढचे पाय चिखलात होते.

शेवंतीनं जांभळीखालचा फोन लावला. घंटी वाजली. कुणी उचलला नाही. मग कोकिळेची एक लकेर वाजू लागली, आणि लकेरीमध्ये वानरशेठचाच आवाज, आधी भरून ठेवलेला. "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया घाबरू नका."

पुन्हा कोकीळ.

"उचल ना रे," शेवंती म्हणाली. "उचल, उचल."

"कृपया घाबरू नका."

सशिणीनं पिल्लू तोंडात धरलं आणि ती पाण्याकडे सरकली. तिच्यामागे दुसरा ससा. मावशी त्यांना अडवेल असं शेवंतीला वाटलं, पण मावशी दुसरीकडे बघत होती. आईनं आणखी एक पाऊल टाकलं. पाण्यात तिचं तोंड दिसायला लागलं, सुकलेलं, म्हातारं.

पुन्हा कोकीळ. पुन्हा कृपया.

आईनं मान खाली घातली.

आणि खट्ट झालं. फोन उचलला गेला.

"हॅलो! हॅलो, वानरशेठ?"

पलीकडे कुणीतरी घास गिळला.

"वानरशेठ जागेवर नाहीत," एक आवाज म्हणाला. जाडसर, सावकाश, फार सभ्य. "बोला. मी बघतो."

"अहो, कॅमेऱ्याची वायर निघालीय! पडद्यावर सकाळचं चित्र आहे! महाराज गुहेत आहेत की बाहेर, कुणालाच माहीत नाही आणि सगळे पाणी पितायत!"

"अरेरे. फारच गंभीर आहे हे. आणखी कुणाला कळलंय?"

"मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकतच नाही."

"छान. म्हणजे, वाईटच. पण तुम्ही अगदी योग्य ठिकाणी फोन केलात, बाई. मी स्वतः येऊन बघतो." पलीकडे ओठांवरून जीभ फिरल्याचा आवाज आला. "फक्त एवढं सांगा, तुम्ही कुठल्या पाणवठ्यावरून बोलताय?"

तात्पर्य: मुलांनो, उगाच घाबरू नये. शंका आली तर चौघांना विचारावं, आणि चौघंही एकच सांगत असतील तर निश्चिंत मनानं पाणी प्यावं. त्यातूनही एखादीची शंका उरलीच, तर तिनं चारचौघांत बोभाटा न करता वरच्या कार्यालयात कळवावं. तिथे प्रत्येक तक्रारीची दखल घेतली जाते, आणि तक्रार करणारीला भेटायला साहेब स्वतः येतात.